चौथा डबा

मस्कतमधल्या आमच्या घरातून सकाळी सव्वासहाला तीन डबे बाहेर पडतात, नवऱ्याचा आणि दोन्ही मुलांचे. चौथा माझा. दिवसभर घरातच असलेल्या बाईला डबा कशाला, असं कोणी विचारू नये म्हणून तो मी बरण्यांमागे लपवते. साडेनऊला शाळेत ब्रेक होतो, तेव्हा इकडे मीही डबा उघडते. तेवढंच मुलांच्या पंगतीला बसल्यासारखं वाटतं.

परवा धाकटी तापामुळे घरी होती. साडेनऊला सवयीने माझा हात बरण्यांमागे गेला आणि मी पकडले गेले.

"आई, तू कुठे जाते?"

"कुठे नाही गं. डब्यात गरम राहतं." पोळी गारढोण होती.

माझी पोळी संपल्यावर तिने डब्यात डोकावून पाहिलं. "तू पण भेंडी तशीच ठेवते. आणि मला ओरडते."

मी निमूट भेंडी संपवली. ती बघत होती.

"आमच्या क्लासमध्ये कोणी एकटं खात असेल ना, तर मॅम त्याला दुसऱ्याच्या बाजूला बसवते," असं म्हणून तिने खुर्ची फरफटत माझ्या शेजारी आणली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, ती शाळेत गेली. खुर्ची मी अजून जागेवर नेलेली नाही.