पक्ष्यांकडे जायचे कपडे

"धुतलेस? कुणी सांगितलं होतं तुला नसते उद्योग करायला?"

बोरगिलचा आवाज इतका चढला की तोरलैफ अर्धी दाढी तशीच ठेवून, गळ्यात टॉवेल अडकवलेला, जिना उतरून खाली आला. न्हाणीघरात नवं वॉशिंग मशीन उघडं पडलं होतं आणि त्याच्यासमोर सोल्रुन, त्यांची सोळा वर्षांची लेक, दोन्ही हातांत ओला करडा स्कर्ट धरून उभी होती. पायाशी टोपलीत तपकिरी रुमाल आणि जुना स्वेटर.

"घाण वास येत होता, आई. म्हटलं, तुला बरं वाटेल."

"अठरा वर्षं ह्या स्कर्टला साबण लागला नव्हता! समुद्राच्या पाण्यात बुचकळायचा आणि वाऱ्यावर टांगायचा, बस्स."

"हे काय मिरवायचं असतं?" तोरलैफ म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस. घे, वास घे ह्याचा. घे की! फुलांची बाग झालीय नुसती. असल्या वासाची बाई घरट्यापाशी गेली तर पक्षी अंडी टाकून पळतील."

"बदकांना नाकं असतात हे मला आजच कळतंय."

"तुझ्या आईला विचार, असतात की नसतात."

तोरलैफची आई पेत्रिना स्वयंपाकघरात खिडकीशी बसून बशीतून कॉफी ओढत होती. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही खुबे कामातून गेलेले, कान मात्र शाबूत. तिने काही न ऐकल्यासारखं केलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

तोरलैफने टॉवेलने गालावरचा फेस पुसला. "आणि एवढा तमाशा कशासाठी? यंदा बेटावर जातंय कोण?"

"कोण म्हणजे?"

"बोरगिल, आपण बेट सोडलं. ऑक्टोबरात. बेट सोडण्याबद्दल सरकारचे पैसे घेतले, कागदावर सही केली, हे घर घेतलं. इथे दिवा आहे, नळ आहे, दाराशी रस्ता आहे. सोमवारपासून मासळीच्या कारखान्यात तुझं नावही दिलंय मी. पॅकिंगला. कोरडं काम आहे, हात धुवायला गरम पाणी, सोबतीला बायका. लोक रांगा लावतात त्या जागेसाठी."

बोरगिलने लेकीच्या हातातून स्कर्ट घेतला आणि इतका पिळला की पाणी तोरलैफच्या मोज्यांवर उडालं.

"माझं नाव दिलंस," ती म्हणाली. "मला न विचारता."

"चांगल्यासाठीच दिलं ना!"

तिने पिळलेला स्कर्ट टोपलीत टाकला. कपड्यांची टोपली काखेत मारून मागच्या दाराने बाहेर पडली आणि मासे वाळवायच्या लाकडी माचीवर, जिथे डोकी कापलेले कॉड जोडीजोडीने लटकत होते, त्यांच्या मधोमध तिने तो स्कर्ट, रुमाल आणि स्वेटर टांगला. वारा पश्चिमेचा होता. चार दिवसांत फुलांचा वास मरेल आणि माशांचा चढेल, असा तिचा हिशेब.

बोरगिल समुद्रावरची नव्हे. आत खोऱ्यात, जिथे नदीतून लाकडाचे ओंडके सोडतात, तिथल्या एका शेतकऱ्याची ती चौथी मुलगी. एकोणिसाव्या वर्षी किनाऱ्यावरच्या दुकानदाराकडे घरकामाला आली, तिथल्या नाचात तोरलैफ भेटला, आणि पुढच्या मार्चात ती तेइस्टहोल्म बेटावर नांदायला आली. एकच घर, नाव ठेवायचं एक नावघर, दोन गाई आणि सगळीकडे दगड. नवऱ्याचं घर एवढंच असतं असं तिला वाटलं होतं. एप्रिलच्या शेवटी पेत्रिनाने तिला सांगितलं, "आता तीन आठवडे तू घरातच. पक्षी वर येतायत, त्यांना तू परकी आहेस."

नवी नवरी तीन आठवडे खिडकीच्या पडद्याआडून बघत राहिली. समुद्रातून आयडर बदकं जोडीजोडीने चढत होती, मादी पुढे, नर मागे, घर भाड्याने घ्यायला आल्यासारखी. पेत्रिनाने दगडांची छोटी घरकुलं रचून ठेवली होती, उलट्या होडीखाली, पायऱ्यांखाली, नावघराच्या भिंतीला लागून. आत कोरडं शेवाळ पसरलेलं. मादी आत डोकावायची, नापसंत पडलं की पुढच्या दाराशी. त्या दिवसांत बेटावर कुणी मोठ्याने बोलत नसे. लाकडं फोडायची नाहीत, कपडे दोरीवर फडफडवायचे नाहीत, कुत्रा तर नाहीच. आणि त्या बदल्यात पक्षी माणसाच्या दाराशी अंडी घालत, कारण माणूस असला की गरुड, कावळा, ऊदमांजर लांब राहतं. पिल्लं पाण्यात गेली की मादीने छातीचा उपटून घरट्यात अंथरलेला पिसांचा मऊ कापूस माणसाचा. साठ-सत्तर घरट्यांची मिळून एक दुलई.

तीन आठवड्यांनी पेत्रिनाने अंगातला करडा स्कर्ट उतरवून सुनेच्या हातात दिला. "हा घाल. आणि माझ्यासारखी चाल." पेत्रिना तेव्हाही डाव्या पायाने लंगडत असे. म्हणून विशीतली बोरगिल लंगडत घरट्यांमधून फिरू लागली, आणि एकही मादी उठली नाही. तोरलैफ नावघरातून बघत होता. "देवा रे," तो म्हणाला, "मी माझ्या आईशीच लग्न केलं की काय!" सासूने तिला सून मानायला आणखी चार वर्षं घेतली. पक्ष्यांनी तिला एका दुपारीच घरची मानलं होतं. दर मे महिन्यात तिचा डावा पाय अजूनही आपोआप ओढला जाई.

कपडे टांगून झाल्यावर ती तशीच बंदरावर गेली. तोरलैफची नाव धक्क्यावर ओढलेली होती आणि इंजिन सुटं करून फळीवर मांडलेलं होतं. त्याने मुद्दाम केलं असेल असं तिला वाटलं, मग वाटलं, नसेलही. पण इंजिन सुटं होतं हे खरं.

शेजारच्या नावेत हिल्मार जाळी आवरत होता. साठीचा विधुर, कमी बोलणारा, तंबाखू चघळणारा. ह्या दिवसांत तो अंड्यांसाठी धरतात त्या माशांकरता बाहेरच्या बेटांकडे एक दिवसाआड जाई.

"तेइस्टहोल्मवरून गेलास?" तिने विचारलं.

"काल."

"मग?"

"पाण्यात बसलेत." त्याने तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सारली. "शंभर असतील, जास्तही असतील. घराकडे तोंड करून. चिमणीतून धूर नाही, म्हणून वर चढत नाहीत. आणि नावघराच्या छपरावर गरुड बसलाय, मालक असल्यासारखा."

बोरगिलने हात ॲप्रनला पुसले. ते ओले नव्हते.

"आणखी किती दिवस बसतील?"

"तुला माहीत, मला काय विचारतेस? मी मासे धरतो."

"गुरुवारी जाणार आहेस?"

"सहाला."

"मला उतरव तिथे. सरपण, बटाटे, पिठाची गोणी, एक पेटी. आणि मी."

हिल्मारने पहिल्यांदा मान वर केली. "तोरलैफला माहीत आहे?"

"जेवताना कळेल."

"मग मी जेवणाच्या वेळी तुमच्या घराकडून नाही जात," हिल्मार म्हणाला आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. थोड्या वेळाने, ती वळल्यावर, मागून म्हणाला, "जाता-येता बघीन मी. पडद्याची खूण कर. पांढरा पडदा खिडकीबाहेर दिसला, तर वर येईन. नाहीतर नाही."

चार वाजता जेवण वाढलं. उकडलेला कॉड, त्याचं काळीज, बटाटे, वितळलेलं लोणी. सोल्रुनचे डोळे लाल होते. तिला अजून वाटत होतं की सगळं स्कर्टवरून चाललंय. बोरगिलने तिच्या ताटात काळजाचा मोठा तुकडा टाकला. "स्कर्ट वाळेल. तुझ्यावर राग नाही माझा. साबणाच्या कंपनीवर आहे."

सोल्रुन हसली, तेवढ्यात तोरलैफने काटा खाली ठेवला. धक्क्यावर त्याला बातमी कळली होती; छोट्या बंदरात शिंकलं तरी पलीकडे रुमाल पुढे येतो.

"हिल्मारशी काय ठरवून आलीस?"

"तुला कळलंय."

"सही केलीय आपण! कागदावर लिहिलंय, तिथे राहायचं नाही."

"मी वाचलाय तो कागद. कायमचं राहायचं नाही असं लिहिलंय. आठ आठवडे म्हणजे कायमचं नाही."

"एकटी? फोन नाही, डॉक्टर नाही. खडकावर पाय घसरून मोडला तर?"

"मोडला तर रांगत घरट्यांकडे जाईन. पक्ष्यांना बुटकी वाटेन."

"थट्टा करू नकोस. कारखान्यातली माणसं काय म्हणतील? एवढं नवं घर घेतलं आणि सहा महिन्यांत बायको पळाली म्हणतील." त्याचा चेहरा तापला होता. खरं दुखणं हेच होतं हे तिला कळलं, आणि त्याची थोडी कीवही आली. त्याने गेल्या हिवाळ्यात स्वतःच्या हातांनी ह्या घराला रंग दिला होता.

"आई, तू सांग हिला," तो पेत्रिनाकडे वळला.

पेत्रिनाने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "मी सांगू? मी तुझ्या बाजूची आहे. चाळीस वसंत मी कुजबुजत काढले. मे महिना आला की हातोडा बंद, कुऱ्हाड बंद, पोरांचं रडणंसुद्धा बंद. तुझ्या बापाशी एक भांडण धड झालं नाही माझं. वसंतात ओरडायची सोय नव्हती आणि उन्हाळ्यात तो मासेमारीला. आता मला दारं आपटायचीत. रेडिओ मोठ्याने लावायचाय. त्या बदकांचं पुष्कळ केलं. नको आता."

"ऐकलंस?" तोरलैफ म्हणाला.

"ऐकलं." बोरगिल सासूकडे वळली. "आई, तुम्ही बेटावर नव्हतात असा एकच वसंत. खरं ना?"

तोरलैफने खुर्ची सरकवली. हे पुढे कुठे जाणार हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. त्या वसंतात तो पोटात आडवा होता आणि पेत्रिना सहा आठवडे गावातल्या इस्पितळात पडून होती. नवरा समुद्रावर होता, घर बंद होतं.

"त्याआधी किती पक्षी होते?" बोरगिलने विचारलं.

"दोनशे. थोडे वरच."

"आणि पुढच्या वर्षी?"

पेत्रिनाने रुमालाने तोंड पुसलं. खोटं बोलायची तिची तयारी दिसत होती. पण पक्ष्यांच्या संख्येबद्दल ती कधीच खोटं बोलली नव्हती, आणि ह्या वयात सुरुवात करणं तिला जमलं नाही.

"एक्केचाळीस."

"पुन्हा दोनशे कधी झाले?"

"झालेच नाहीत." म्हातारीने खिडकीबाहेर पाहिलं. "तू आलीस तेव्हा सत्तर होते. गेल्या वर्षी एकशे साठ. ते तुझे आहेत, माझे नव्हेत. हे मात्र मला कबूल करावं लागेल, मनात नसलं तरी."

"आई!" तोरलैफ म्हणाला.

"काय आई? मी तुझ्या बाजूची आहेच. पण आकडा आकडा आहे."

तोरलैफने बटाटा काट्याने ठेचला, न खाता परत ठेचला. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "इथे तुला काय कमी आहे, बोरगिल?"

तिने खरंच विचार केला. दिवा होता, नळ होता. कारखान्यातल्या बायका चांगल्या होत्या. दोघींनी तर केक आणून दिला होता.

"काही कमी नाही," ती म्हणाली. "पण इथे पॅकिंगच्या टेबलावर मी नसले तर दुसरी कुणीही उभी राहील. तू म्हणालास ना, लोक रांगा लावतात. तिथे पाण्यात शंभर पक्षी घराकडे तोंड करून बसलेत आणि त्या रांगेत माणूस एकही नाही."

"मी येऊ तुझ्याबरोबर?" सोल्रुनने विचारलं.

"परीक्षा दे आधी."

तोरलैफ म्हणाला, "मी नाव देणार नाही. एवढं सांगून ठेवतो."

"मागितली नाही."

बोरगिल उठली. आपलं ताट तिने नळाखाली धरलं, धुतलं, फडक्याने पुसून जागेवर ठेवलं. मग ओट्याला पाठ टेकून, तिघांकडे पाहत, कॉफी हवी का विचारावं तशा आवाजात म्हणाली:

"गुरुवारी सहाला मी निघतेय. जूनअखेर सेंट हान्सच्या शेकोटीनंतर येईन, शेवटचं पिल्लू पाण्यात गेलं की. कारखान्यातलं माझं नाव, तोरलैफ, तू उद्या जाऊन काढायचंस. तू दिलंस, तूच काढ. स्वयंपाक एक दिवस तू, एक दिवस सोल्रुन. आईंच्या गोळ्या सोल्रुनकडे. आणि पुढच्या वर्षीही मी जाणार आहे."