न आलेलं नाव

स्वयंपाकघरात पाल चुकचुकली की अजूनही माझा हात थांबतो. बोईसरच्या कारखान्यात आमच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मरताना अशीच चुकचुकत होती.

मी घरातला पहिला पदवीधर. हजेरीचं रजिस्टर बंद करून नावं कॉम्प्युटरवर घ्यायचं मीच साहेबांच्या गळी उतरवलं होतं. त्या दुपारी प्लांटमध्ये विषारी वायू सुटला. आत कोण आहे, ते डिस्कलाच ठाऊक होतं, आणि पडद्यावर एकच ओळ येत होती: वाचता येत नाही, पुन्हा बघू का?

मनोरकडचा एक म्हातारा टेबलाशी आला. "माजा पोर आत हाय का, तेवडं बग, सायेब."

मी कळ दाबली. चुकचुक.

"काय म्हनतं ते?"

"पुन्हा बघू का, असं विचारतंय, बाबा."

"मंग बग ना!"

दहादा बघितलं.

"नाव नाय, म्हंजे तो आत नाय ना?" त्याचा चेहरा उजळला. मी होकारार्थी मान हलवली. "शिकल्यालं मानूस बरं," म्हणत, हात जोडून तो एसटीकडे गेला.

तासाभराने त्याच्या मुलाचं प्रेत आतच सापडलं.

कित्येक वर्षं मी डिस्कला दोष दिला. पण वाचता येत नाही, हे तिने तरी कबूल केलं होतं.