थोरल्या साडूंचं ऊन

सूर्यावर हक्क सांगणारे राजे पुराणात बरेच होऊन गेले. पण सूर्याला रोज सकाळी कामाला जुंपणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. डोंबिवलीवर पडणारं ऊन हे मुळात त्यांच्या तीनमजली इमारतीच्या गच्चीसाठी निघालेलं असतं आणि वाटेत थोडंफार बाकीच्यांवर सांडतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ते सांडलेलं ऊन लोक नुसते कपडे वाळवण्यात घालवतात, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

मी मुळातच कमी बोलणारा. आम्ही ठाण्याला, खोपटच्या एस.टी. डेपोमागे राहायचो, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी साडूंकडे जेवायला जायचो. जेवायचो, हात धुवायचो, निघायचो. त्यांच्याबद्दल जे वाटे ते तोंडावर कधी बोललो नाही, आणि न बोललेल्या गोष्टी चाळिशी ओलांडली की छातीवर येऊन बसतात. म्हणून आता सगळंच सांगून टाकतो.

गॅसचा नंबर लागायला वर्षं जात आणि रॉकेलच्या रांगेत माणसांच्या जागी डबे उभे राहत, त्या काळातली गोष्ट. कुठल्याशा प्रदर्शनातून साडू सरकारी सवलतीत एक सूर्यचूल घेऊन आले. पत्र्याची चौकोनी पेटी, आतून काळीकुट्ट, वर काचेचं दुहेरी झाकण आणि झाकणाला ऊन आत लोटणारा आरसा. पेटीत बसणारे चार काळे डबे. झालं! त्या दिवसापासून घरातली चकचकीत भांडी त्यांना बघवेनात. ‘‘चमकणारं भांडं म्हणजे ऊन परत पाठवणारं भांडं,’’ असं म्हणून त्यांनी एका दुपारी माझ्या मेहुणीच्या, म्हणजे अक्काच्या, लग्नातल्या पातेल्यांनाही बाहेरून काळा रंग फासला. अक्का माहेरी गेली होती. परत आली तेव्हा तिला वाटलं, घराला आग लागून गेली.

साडू एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला होते आणि कायम दुसरी पाळी मागून घेत, कारण सकाळ-दुपार पेटीजवळ हजर राहायला हवं. ऊन सरकलं की पेटी सरकवायची, आरशावर कावळा बसला की हाकलायचा. त्यांना बढती आली तेव्हा त्यांनी ती नाकारली. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाले, ‘‘जनरल शिफ्टमध्ये माझं ऊन वाया जातं.’’ साहेब बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले, असं साडू अभिमानानं सांगत.

त्यांचं आमंत्रणही सशर्त असे. ‘‘रविवारी या जेवायला. ऊन असलं तर.’’ एकदा आम्ही पोचलो आणि नेमका ढग आला. आम्ही चौघं गच्चीवर मान वर करून उभे, आणि साडू त्या ढगाकडे, गिऱ्हाईक घेतल्याशिवाय न हलणाऱ्या रिक्षावाल्याकडे बघावं तसे बघत होते. तो ढग संध्याकाळी हलला. तेव्हापासून मी एक पथ्य पाळलं: डोंबिवली स्टेशनबाहेर दोन बटाटेवडे खाऊन मगच त्यांच्याकडे जायचं. साहजिकच पानावर माझा हात आखडे. साडू ते हेरत आणि भलतंच सुखावत. ‘‘बघा साडूबुवा, उन्हावरचा भात थोडक्यात पोट भरतो. शास्त्र आहे त्यात!’’ मी मान डोलवत असे. माझ्या त्या डोलणाऱ्या मानेच्या जोरावर त्यांनी हे शास्त्र निम्म्या डोंबिवलीला सांगितलं.

उन्हाचा थेंबसुद्धा फुकट जाऊ नये म्हणून पुढे त्यांनी जुन्या ट्रंकेत थर्माकोल आणि गोधड्या भरून एक गरमपेटी केली. उकळलेली डाळ तिच्यात ठेवली की ती रात्रीपर्यंत आपसूक शिजत राही. डाळीला ते चारी बाजूंनी इतक्या हळुवारपणे पांघरूण घालत की अक्का म्हणे, ‘‘माझ्या पोरांना कधी असं निजवलं नाहीत हो!’’ फोडणी मात्र सूर्याला जमत नसे. तेवढीच ती गॅसवर पडे, आणि ती पडेपर्यंत साडू अक्काच्या पाठीशी उभे राहून ‘‘झाली, झाली, बंद कर’’ करत. अक्का कढईवरची नजर न काढता म्हणे, ‘‘जरा मोहरी तरी तडतडू दे, की ती पण गच्चीवर न्यायचीय?’’

असं सगळं सुखात चाललं होतं. इमारतीच्या दक्षिणेला एक बैठं कौलारू घर होतं. घराची मालकीण म्हातारी मूळची तिथलीच, आगरी. एकेकाळी त्यांची भातशेती होती. सगळे तिला मावशी म्हणत. एकोणीसशे नव्वदनंतर तिच्या मुलांनी जागा बिल्डरला दिली आणि बातमी आली की तिथे सात मजले होणार. साडूंनी कागदावर उन्हाची आकृती काढली. हिवाळ्यात त्यांची सगळी गच्ची सावलीत जात होती. ते तडक मावशीकडे गेले. मला सोबत नेलं, पण बोलायला नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

‘‘मावशी, चारच मजले करा. माझं ऊन जातंय.’’

मावशी अंगणात सुकट निवडत होती. ‘‘अरं भाऊ, जागा माजी, बिल्डर पोरांचा, ऊन देवाचं. मी कोनाला काय सांगू? आनि तुज्या डब्यासाठी माज्या नातवांनी काय अंगनात निजाचं?’’

इमारत चढत गेली. दिवाळीनंतर सावली गच्चीच्या कठड्यावरून आत आली आणि रोज थोडी पुढे सरकू लागली. साडू पेटी घेऊन मागे मागे हटत गेले. आधी डाळ सुटली, मग भात. मग नुसते शेंगदाणे भाजून होत, आणि शेवटी पेटीत फक्त आंघोळीचं पाणी कोमट व्हायला लागलं. एका रविवारी जेवताना ते सहज म्हणाले, ‘‘जनरल शिफ्टच घ्यावी म्हणतो.’’

अक्काच्या हातातला डाव थांबला. इतकी वर्षं ती हेच मागत आली होती. नवरा चार लोकांसारखा सकाळी डबा घेऊन जावा, संध्याकाळी घरी यावा. पण आता तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी आजाऱ्याकडे पाहावं. पान वाढून झालं, तशी ती पदर खोचून उठली आणि चपला घालून बाहेर पडली.

अर्ध्या तासानं परतली ती किल्ली घेऊन. ‘‘मावशी त्यांच्या नव्या इमारतीची वरची गच्ची देतायत. एक अट आहे.’’

‘‘भाडं?’’ साडूंनी विचारलं.

‘‘चार डब्यांतला एक डबा त्यांचा.’’

‘‘मग त्यात काय एवढं!’’

‘‘सुकटीचा.’’

या घरात अंड्याचा केकसुद्धा जिन्यात उभं राहून खावा लागे. आणि बंद पेटीत चार डबे एकत्र शिजणार म्हणजे वासाची वाटणी होणार, हे त्या पेटीबद्दल सगळं जाणणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. साडू पानातल्या आमटीवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘‘सूर्याला सोवळंओवळं नाही. आपण कोण?’’

पुढच्या रविवारी आम्ही सगळे त्या सात मजल्यांवरच्या गच्चीवर गेलो. लिफ्ट होती, पण उन्हावर जेवायला वीज जाळत जायचं हे साडूंना पटेना. पेटी मी आणि त्यांनी जिन्यानं चढवली. वर लख्ख, मोकळं ऊन होतं. दुपारी डबे उघडले, मावशी तिचा घेऊन बाजूला टेकली. आमच्या भाताला वास येत होता. मावशीच म्हणाली, ‘‘लागतोय ना बरा?’’ आणि हसली.

साडू कठड्याशी उभे होते. खाली त्यांची जुनी गच्ची पूर्ण सावलीत होती. विठ्ठलवाडीच्या बाजूला, खाडीच्या बाजूला, जिकडे पाहावं तिकडे बांबूच्या परांच्या उभ्या राहिल्या होत्या.

‘‘हिच्याही दक्षिणेला प्लॉट रिकामा आहे गं,’’ ते म्हणाले. ‘‘उद्या तिथे दहा मजले होतील.’’

‘‘होतील तेव्हा होतील,’’ अक्का म्हणाली. ‘‘आज ऊन आहे. बसा, जेवून घ्या.’’

ते बसले. अक्कानं पहिला भात त्यांच्या पानात वाढला आणि ताटावर सावली पडू नये म्हणून स्वतः थोडी बाजूला सरकली.