गॅसचा वास आणि सिलिंडरचा इतिहास

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय माझं!

जुईनगरच्या आमच्या घरात गॅसचा उग्र वास सुटला. घाबरून मी सिलिंडरपाशीच उभी राहिले आणि काय करायचं ते मोबाईलवर शोधलं. वेबसाइट उघडली, तर आधी मसाल्याची जाहिरात, मग ‘आमचं ॲप घ्या’, मग चक्क सिलिंडरचा इतिहास!

साताऱ्याहून आलेल्या सासूबाई ओरडतायत, “आगं, घावलं का न्हाई?”

घावलं. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: ‘वास येत असल्यास घरात मोबाईल वापरू नका.’

सासूबाईंना घेऊन बाहेर पळाले. शेजारच्या काकांनी रेग्युलेटर बंद केला, म्हणून वाचलो.

ते पान लिहिणाऱ्या शहाण्या, तुझ्या घरात वास सुटला, तर तुझ्या आईला आधी इतिहास सांगशील का रे?