फाटकावरची इंटर्न

सातव्या सेमिस्टरला मला गुरुग्राममधल्या एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप मिळाली. एका अणुवीज केंद्रासाठी तिथं येणाऱ्या पाहुण्यांना द्यायची माहितीपुस्तिका लिहायचं काम कंपनीकडे होतं, आणि कच्चा मसुदा माझ्याकडे आला. कच्चा मसुदा म्हणजे सगळी पुस्तिकाच, हे मला नंतर कळलं. बाबांनी मात्र दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच टाकलं, 'मुलगी न्यूक्लिअरमध्ये आहे.' दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या आंटी लिफ्टमध्ये माझ्यापासून हातभर लांब उभ्या राहू लागल्या.

आई त्यांच्याही पुढे. "आल्या आल्या कपडे वेगळे भिजवायचे," तिनं बजावलं. "आणि अंघोळ केल्याशिवाय सोफ्यावर बसायचं नाही." नोव्हेंबर होता. धुरकट हवेमुळे घराच्या खिडक्या आठवडाभर बंद होत्या आणि बोलता बोलता आईलाच ठसका लागला.

पहिल्या भेटीला मी माझ्या मॅनेजरबरोबर गेले. पहाटे निघालो, काही तासांनी फाटकावर पोचलो. जवानानं माझा पास आणि आधार कार्ड शेजारी शेजारी धरलं.

"मैडम, आधार पे तीन नाम हैं, पास पे दो. ये बीच में किसका नाम है?"

"पापा का."

"तो पापा आपके नाम में क्या कर रहे हैं?"

"मराठी लोगों में ऐसा ही होता है."

त्यानं आत फोन लावला. लेखी कळवा, असं उत्तर आलं. मॅनेजर आत गेले आणि मी फाटकाजवळच्या खोलीत संध्याकाळपर्यंत बसले. जवान भला माणूस होता. दोनदा चहा पाजला. दुसऱ्या चहाला त्यानं विचारलं, "शादी के बाद बीच में किसका नाम आता है?"

"पति का."

"मतलब पहले पापा, फिर पति." त्यानं बोटांवर मोजलं. "बच्चों के नाम में तो माँ आती होगी?"

"नहीं."

त्यानं मला बिस्किटांचा अख्खा पुडाच दिला.

घरी आल्यावर आईनं माझे कपडे वेगळे भिजवलेच. "अगं, मी आत गेलेच नाही," मी म्हटलं.

"वारा तर असतो ना तिथं!"

दुसऱ्या वेळी पासवर तिन्ही नावं होती. मला केंद्र दाखवायला निवृत्तीला आलेले एक इंजिनिअर होते. त्यांनी किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला माझ्या खिशाला स्वतः नीट लावला आणि एका लांबलचक कॉरिडॉरमधून नेलं. फिकट हिरव्या भिंतीपाशी ते थांबले. मी वही उघडून विचारलं, "सर, रिअ‍ॅक्टर?"

"इस दीवार के पीछे."

"दिखेगा कब?"

"बेटा, यहाँ से दिख गया तो हम दोनों की नौकरी गई."

मी वहीत 'भिंत, हिरवी' असं लिहिलं. पुढच्या हॉलमध्ये टर्बाइनचा इतका आवाज होता की ते माझ्या कानाशी ओरडून समजावत होते. उष्णता, मग वाफ, मग वीज. "चाय जैसा ही है, बस दूध नहीं पड़ता!" बाहेर पडताना अंगाला किरणोत्सर्गी काही लागलंय का ते तपासणाऱ्या एका यंत्रात दोन्ही हात घालून उभं राहावं लागलं. हिरवा दिवा लागला. ते म्हणाले, "तीस साल से ये मशीन मुझे रोज़ पास करती है. घर में आज तक किसी ने नहीं किया."

मी चाळीस पानं लिहिली. अणूपासून सुरुवात केली होती. मंजुरी मिळून परत आली तेव्हा सहा पानं उरली होती आणि त्यातलं एक अख्खं पान पासच्या फॉर्मवर नाव कसं लिहावं याचं होतं. मॅनेजर म्हणाले, "ये सेक्शन सबसे स्ट्राँग है."

पुढच्या हिवाळ्यात त्या इंजिनिअर सरांचा फोन आला. निवृत्त होऊन ते गुरुग्रामला मुलाकडे आले होते. "बेटा, मास्क कौन सा अच्छा रहता है?"

मी भेटायला निघाले तेव्हा आईनं बेसनाचे लाडू बांधून दिले आणि हळूच विचारलं, "तीस वर्षं तिथं होते ना? तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत होती. इथं येईपर्यंत."

आईनं डब्यात आणखी चार लाडू टाकले.

ते अठराव्या मजल्यावर राहत होते. बाल्कनीच्या दाराच्या फटी चिकटपट्टीनं बंद केलेल्या. सून फोनवर हवेचा आकडा बघून त्यांना फिरायला जायची परवानगी द्यायची आणि महिनाभर ती मिळाली नव्हती. "वहाँ आँकड़ा बढ़े तो पूरा प्लांट दौड़ता था," ते म्हणाले. "यहाँ आँकड़ा बढ़ता है तो लोग खाना ऑर्डर करते हैं."

होळीच्या आधीच ते परत गेले, केंद्राच्या कॉलनीबाहेर भाड्याचं घर घेऊन. सामान बांधायला मीही गेले होते. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "समझाओ यार इनको. प्लांट के इतने पास अकेले रहेंगे, हमें डर लगता है." एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ आली. मी पाणी आणून दिलं.

मी सरांना काही समजावलं नाही. त्यांच्या पुस्तकांच्या खोक्यांवर दोरी बांधत राहिले. ते आता रोज सकाळी तासभर चालतात, असं फोनवर सांगतात.