तपासणीच्या दिवशीचे थेंब

हैदराबादेत, काचीगुड्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ते गृहस्थ मला दर खेपेला पायरीवरच भेटायचे. आम्हा दोघांनाही काचबिंदू. नाव मी कधी विचारलं नाही. सुलतान बाजारातल्या कापडाच्या दुकानात जन्म गेला, एवढंच माहीत. बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचं कापड चिमटीत धरून पाहायची सवय अजून सुटली नव्हती. परवा मात्र त्यांनी माझ्या शर्टाचा रंग मलाच विचारला.

मग नेहमीप्रमाणे मान मागे टाकून त्यांनी दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि नाकाजवळचे कोपरे दाबून शांत बसले. पण मागच्या खेपेला माझ्यासमोरच घेतलेल्या बाटलीचं सील त्यांनी आज तिथंच, पायरीवर तोडलं होतं.

"रोज नाही घालत?" मी विचारलं.

"नक्को हो. गेलेली नजर ह्यानं परत येते थोडीच?"

"पण आहे तेवढी राहते ना! आणि आजच घालून गेलात तर डोळ्यांचं प्रेशर कमीच निघणार. डॉक्टरांना खरं कळायचं कसं?"

"म्हणून तर घालतो. डॉक्टरीण पोरीसारखी आहे. प्रेशर कमी निघालं की खूश होते. माझी नजर तर जायचीच आहे, तिला कशाला वाईट वाटू द्यायचं?"

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. दार सताड उघडं होतं, तरी ते चौकट चाचपडत आत गेले.

थोड्या वेळानं आतून तिचा आनंदी आवाज आला, "अंकल, प्रेशर तो एकदम अच्छा है! ऐसाच चालू रखो."