ग्रॅमाआधीचं शून्य

सोल्डरच्या धुराचा वास आला की वडूजजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रातली दुपार आठवते. तेव्हा मी सांगलीत बाळांचे वजनकाटे बनवायचो. आतल्या स्वस्त चिपच्या मेमरीत आकडे पडद्यावर छापायचा तयार प्रोग्रॅम मावेना, म्हणून मीच चार ओळींचं फंक्शन लिहिलं होतं: आधी किलो, मग टिंब, मग ग्रॅम. त्याचा मला अभिमानही होता. काटा नीट चालत नाही असा तिथल्या सिस्टरांचा फोन आला म्हणून गेलो, तर पत्र्याखाली उकडत होतं, फिनेलचा वास भरला होता आणि काट्यावर कालच जन्मलेली मुलगी होती. पडद्यावर २.५० दिसत होतं. “अडीच किलो, बरोबर आहे की,” मी म्हणालो. सिस्टरांनी तिला उचललं. “आवं साहेब, काटा काय बी म्हणू दे. ही अडीच किलोची न्हाई. माझ्या हाताला कळतंय.” त्यांनी तिला साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. मी काट्याला लॅपटॉप जोडला. आत नोंदलेलं वजन दोन किलो पन्नास ग्रॅम होतं, म्हणजे २.०५० दिसायला हवं होतं. ग्रॅम शंभराच्या आत असले की आधी शून्य छापायचं, हे मी लिहिलंच नव्हतं. चूक माझी आहे, असं मी सांगितलं. सिस्टर रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, “मग ह्याच्या आधीची पोरं?” रजिस्टर घेऊन आम्ही संध्याकाळपर्यंत घरोघरी फिरलो. काट्याला लॅपटॉप जोडून सहा बाळांचं वजन पुन्हा केलं, त्यातल्या एकाला तातडीनं साताऱ्याला पाठवावं लागलं. दोन्ही बाळं सुखरूप घरी आल्याचं सिस्टरांनी महिन्याभरानं कळवलं. तो महिना मी कसा काढला, हे अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.